शितावरून भाताची परीक्षा

कल्याणकडून माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यात येणाऱ्या वाटसरूस पिंपळगाव जोगा धरणाच्या जलाशयालगत जी गावे लागतात, त्यांपैकी मढ हे एक होय. आषाढात पाऊस एकदा लागला की येथे आवणीवाचून दुसरा विषय नसतो. अशा एखाद्या दिवशी गावातील एक बाई सरकारी आरोग्यकेंद्रात येते, अशी श्रोत्यांनी क्षणभर कल्पना करावी. वय चाळिशीच्या आतबाहेर. डोके जड राहते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, अन्नावरची वासना उडाली आहे, हाती घेतलेले काम पुढे सरकत नाही. 'मन खिन्न झाले आहे' असे ती म्हणत नाही. खेड्यातील माणसे तसे सहसा म्हणत नाहीत, आणि खरे पाहता शहरातीलही फारशी म्हणत नाहीत. डॉक्टर गोळ्या देतात. घरची मंडळी तिला देवऋषीकडेही नेऊन आणतात. पुण्यास नोकरीला असलेला भाऊ एक काढा पाठवून देतो. शेजारीण रोज दिवेलागणीला घटकाभर तिच्यापाशी येऊन बसते. पुढे भात निसवण्याच्या सुमारास ती बाई पुष्कळशी सावरलेली दिसते. आता प्रश्न असा, की तिला बरे कोणी केले?

गोळीवर विश्वास असणारा म्हणेल गोळीने, देवऋषीला मानणारा म्हणेल अंगाऱ्याने, आणि भावाची खात्री काढ्याविषयी असेल. शेजारणीला बहुधा कोणी विचारणारच नाही. यांपैकी प्रत्येकाजवळ पुरावा आहे, आणि तो डोळ्यांनी पाहिलेला आहे: उपाय केला आणि गुण आला. मात्र या श्रेयाचा एक हक्कदार मूकच राहतो. तो म्हणजे काळ. खिन्नतेचे सौम्य व मध्यम प्रकार अनेकदा काही महिन्यांत आपोआप ओसरतात. शिवाय मनुष्य वैद्याकडे जातो तो बहुधा दुखणे शिगेला पोचले असताना, आणि शिगेवरून पुढची वाट सहसा उताराचीच असते. यास्तव शिगेच्या दिवशी जो उपाय केला जाईल तो कोणताही असो, गुणकारी भासणारच.

हा केवळ तार्किकांचा वाद नव्हे. जिल्ह्याच्या आरोग्याधिकाऱ्यापुढे ठरावीक रक्कम असते. तिच्यातून मढसारख्या ठिकाणी रुग्णांशी बोलावयास एक प्रशिक्षित माणूस नेमावा, की तोच पैसा औषधांवर खर्च करावा, हे त्यास ठरवावे लागते. निरुपयोगी उपाय त्याने उपयुक्त मानला तर पैसा जातो आणि रुग्णाचा काळही जातो. उपयुक्त उपाय त्याने निरुपयोगी मानून टाकून दिला तर जी माणसे बरी झाली असती ती होत नाहीत, आणि या दुसऱ्या चुकीची तक्रार करावयास कोणी येत नाही, कारण आपले काय हुकले हे त्या माणसांस ठाऊकच नसते. अशा निर्णयाला आधार देणारे जे शास्त्र आहे त्यास अनुमानात्मक संख्याशास्त्र म्हणतात.

नाव भारदस्त असले तरी त्यातील मूळ कल्पना मराठी घरातील प्रत्येक गृहिणीस अवगत आहे. तिला आपण शितावरून भाताची परीक्षा म्हणतो. शास्त्रीपंडित त्यासच स्थालीपुलाकन्याय म्हणतात. एक शीत बोटांत दाबून पाहिले की सगळ्या भाताची कल्पना येते. पण का येते, याचा विचार फारसा होत नाही. सारे तांदूळ एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेले असतात म्हणून. बुडाला भात लागला असेल आणि परीक्षा मात्र वरवरच्या शिताची केली असेल, तर ही म्हण फसवील. शेजारच्या चुलीवरील पातेल्याविषयी तर ते शीत काहीच सांगू शकणार नाही. संख्याशास्त्राने या म्हणीत दोन गोष्टींची भर घातली. पहिली ही, की शीत कोणते उचलावयाचे हे उचलणाऱ्याच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकून, म्हणजे यदृच्छेने, ठरवावे. दुसरी ही, की शितावरून केलेल्या अंदाजात चूक किती असू शकेल तेही त्या अंदाजाबरोबरच सांगावे.

भाताचा दृष्टांत येथे केवळ अलंकारासाठी घेतलेला नाही. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून लंडनला गेले, तेथे नेमन व पीअर्सन यांच्यासारख्या आचार्यांच्या सहवासात संख्याशास्त्र शिकले, आणि स्वदेशी परतल्यावर १९४० नंतरच्या दशकात त्यांनी हिंदुस्थानातील पिकांचे अंदाज शास्त्रशुद्ध करण्याचे काम हाती घेतले. तोपर्यंत पीक किती आले हे गावकामगाराच्या नजरअंदाजाने ठरे. सुखात्मे यांच्या पद्धतीत चिठ्ठीने गाव, चिठ्ठीने शेत आणि शेतातील तुकडाही चिठ्ठीनेच ठरवून तेवढेच पीक कापून तोलावयाचे, आणि त्यावरून सबंध जिल्ह्याचे अनुमान करावयाचे असे. तुकड्याची निवड कापणाऱ्याच्या डोळ्यावर सोडली तर तो डोळा भरघोस कणसांकडे वळतो, हा अनुभव त्यामागे होता.

मनोविकारांच्या चिकित्सेतही हाच डोळा घात करतो, आणि तोही दयाबुद्धीने. समजा, एखादा नवा उपाय काही रुग्णांवर करून पाहावयाचा आहे. निवड डॉक्टरांवर सोपविली तर कोणी डॉक्टर सर्वांत हवालदिल झालेल्या रुग्णास आधी पुढे करतील, कोणी ज्याची बरे होण्याची आशा आहे त्यास. हेतू दोघांचाही चांगला; परंतु पहिल्याच्या हाती उपाय वायफळ ठरेल आणि दुसऱ्याच्या हाती रामबाण. चिठ्ठीला दया नसते म्हणूनच तिची योजना करावयाची. उपाय मिळालेला गट आणि न मिळालेला गट, यांत मग यदृच्छेवाचून दुसरा पक्षपात उरत नाही.

या यदृच्छेचेही माप घेता येते. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चहाचा एक प्रयोग वर्णिला आहे. एका बाईंचे म्हणणे असे, की पेल्यात दूध आधी घातले की चहा आधी ओतला, हे आपण चवीवरून सांगू शकतो. फिशर यांनी आठ पेले सुचविले. चारांत दूध आधी, चारांत चहा आधी, आणि क्रम यदृच्छेने लावलेला. बाईंनी दूध आधी घातलेले चार पेले ओळखून काढावयाचे. आठांतून चार निवडण्याच्या रीती सत्तर आहेत. म्हणजे जिला चवीतले काही कळत नाही अशी बाईही सत्तरांत एकदा सर्व पेले बिनचूक निवडील. बाईंनी सगळे पेले ओळखले, तर केवळ नशिबाने असे घडण्याचा संभव शेकडा दीडहूनही कमी आहे, एवढेच आपण म्हणू शकतो.

येथे पुष्कळ सुशिक्षितांचाही पाय घसरतो. सत्तरांत एक हा आकडा, बाईंना चव कळत नसण्याचा संभव नव्हे. चव कळत नाही असे गृहीत धरले तर असे यश मिळण्याचा तो संभव होय. या दोन वाक्यांतील फरक सूक्ष्म वाटतो, पण तो फार मोठा आहे. पूर्वी कधी कोणास न साधलेली गोष्ट एखाद्याने करून दाखविली, तर सत्तरांत एक एवढ्या पुराव्याने शहाणा माणूस डोलणार नाही. जी गोष्ट मुळातच संभवनीय आहे तिला मात्र तेवढा पुरावा पुरेल. शिवाय, शेकड्यात पाच या मर्यादेखाली संभव आला की निकाल 'अर्थपूर्ण' मानण्याचा जो रिवाज पडला, त्याचा व्यापारही पुष्कळ झाला. एकाच रुग्णसमूहास झोप, भूक, उत्साह, चिंता अशा वीस बाबी विचारल्या तर उपाय शुद्ध पाणी असले तरी सरासरीने एका बाबीत 'अर्थपूर्ण' गुण दिसेलच, आणि छापावयास तेवढी एकच बाब निवडणारे लेखक जगात दुर्मिळ नाहीत. त्यावर तोड एवढीच, की कोणत्या बाबीवर निकाल द्यावयाचा हे प्रयोगापूर्वीच जाहीर करावे.

एवढी सामग्री घेऊन आता मढच्या त्या बाईंकडे परत जाण्यास प्रत्यवाय नाही. मात्र वाट गोव्यावरून जाते, कारण मराठी मुलखाच्या जवळपास या प्रश्नाचा सर्वांत कसून झालेला अभ्यास तेथला आहे. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात 'संगत' ही संस्था स्थापन केली. मानसोपचारतज्ज्ञ थोडे आणि रुग्ण अगणित, ही अडचण त्यांच्यासमोर होती. ज्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतलेले नाही अशा सामान्य माणसांस काही आठवडे शिकवून, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, प्राथमिक आरोग्यकेंद्रातील खिन्न व चिंताग्रस्त रुग्णांची सेवा करावयास बसविले तर उपयोग होईल काय, हा त्यांचा प्रश्न. मढच्या दृष्टांतातील शेजारीण ही थोडे शिक्षण घेऊन आणि वही हाती घेऊन आरोग्यकेंद्रात येऊन बसली, असे म्हणावयास हरकत नाही. 'मानस' या नावाने झालेल्या या प्रयोगाचा आराखडा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि निकाल २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला.

प्रयोगात चोवीस दवाखाने होते. बारा सरकारी आणि बारा खाजगी. चिठ्ठी रुग्णांच्या नावाने न टाकता दवाखान्यांच्या नावाने टाकली गेली, कारण एकाच दवाखान्यात काहींना समुपदेशक भेटावयाचा आणि काहींना नाही, असे ठेवले तर बाकावर बसल्या बसल्याच दोन्ही गट एकमेकांत मिसळले असते. रुग्ण एकंदर २७९६. १३६० नव्या व्यवस्थेतील आणि १४३६ तुलनेच्या गटातील. तुलनेच्या गटाला वाऱ्यावर सोडलेले नव्हते. त्यांच्या डॉक्टरांस रुग्णाच्या तपासणीचा निकाल कळविला जाई आणि उपचारांची पुस्तिकाही दिलेली होती.

सहा महिन्यांनी, ज्यांचा विकार निश्चित ठरला होता अशा रुग्णांपैकी नव्या व्यवस्थेत शेकडा ६५ बरे झाले, तुलनेच्या गटात शेकडा ५२.९. सरकारी केंद्रांपुरते पाहिले तर हा फरक ६५.९ विरुद्ध ४२.५ असा ठळक होता. वाचणाऱ्याचे लक्ष साहजिकच पहिल्या आकड्याकडे जाते. पण दुसराच अधिक बोधक आहे. समुपदेशक नसतानाही शंभरांतील बेचाळीस माणसे सहा महिन्यांत बरी झाली. कोणताही तुलनेचा गट न ठेवता एखाद्याने केवळ आपले रुग्ण मोजले असते आणि शंभरांत बेचाळीस बरे झाल्याचे जाहीर केले असते, तर त्याची वाहवा झाली असती. देवऋषीच्या दारातून परतणाऱ्यांतही बरे होणारे असतात ते का, याचे पुष्कळसे उत्तर या बेचाळिसांत आहे.

आता चुकीच्या मापाविषयी. सरकारी केंद्रांत बरे होण्याचे प्रमाण दीडपटीहून थोडे अधिक, म्हणजे १.५५ पट दिसले. पण शोधकांनी याच्या दोन्ही बाजूंच्या मर्यादाही दिल्या आहेत: खाली १.०२ आणि वर २.३५. अशा मर्यादांचा अर्थ असा, की हाच प्रयोग पुनःपुन्हा केला आणि दर वेळी याच रीतीने मर्यादा काढल्या, तर शंभरांतील सुमारे पंचाण्णव वेळा खरे उत्तर त्यांच्या आत सापडेल. एक म्हणजे दोन्ही गट सारखेच. तेव्हा खालची मर्यादा १.०२ याचा अर्थ, लाभ जवळजवळ नगण्यही असू शकेल. वरची मर्यादा सांगते की तो दुपटीहूनही अधिक असू शकेल. पावणेतीन हजारांवर रुग्ण असूनही मर्यादांत एवढे अंतर का? पुन्हा पातेल्याकडे वळावे लागते. एका दवाखान्यातील रुग्ण एका पातेल्यातील शितांसारखे असतात. डॉक्टर तोच, वस्ती तीच, चालीरीती त्याच. एका पातेल्यातून शंभर शिते उचलली तरी माहिती एका पातेल्याचीच. खरी संख्या पातेल्यांची, आणि सरकारी पातेली फक्त बारा होती. ज्या अभ्यासात ही गोष्ट विसरून प्रत्येक शीत स्वतंत्र मोजलेले असते, तेथे मर्यादा खोट्याच अरुंद दिसतात.

खाजगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही, ६४.१ आणि ६५.९, म्हणजे तुलनेचा गटच किंचित पुढे. गुणोत्तर ०.९५, मर्यादा ०.७४ व १.२२. यावर 'खाजगीत समुपदेशन निरुपयोगी ठरले' असे लिहिणे सोपे आहे आणि चूक आहे. या मर्यादांत शेकडा बावीस लाभही बसतो आणि शेकडा सव्वीस तोटाही. फरक सिद्ध न होणे म्हणजे फरक नाही असे सिद्ध होणे नव्हे. तथापि खाजगीतील तुलनेचा गट सरकारी केंद्रांतील नव्या व्यवस्थेइतकाच बरा झाला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आपला डॉक्टर, त्याने नावानिशी ओळखणे, दर वेळी तोच भेटणे, यांचे काही मोल असावे असा तर्क येथे करता येतो. तो तर्कच आहे हे मात्र विसरता कामा नये.

याच मंडळींचा दुसरा प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. यावेळी दहा सरकारी आरोग्यकेंद्रांतील, अधिक तीव्र खिन्नता असलेले ४९५ रुग्ण होते आणि चिठ्ठी प्रत्येक रुग्णाच्या नावाने निघाली. समुपदेशकाने सहा ते आठ भेटी घ्यावयाच्या. उपाय तरी काय? मन चांगले होईल मग काम करीन, असे न म्हणता एखादे छोटेसे, आपल्याला प्रिय असलेले काम आधी हाती घ्यावयाचे. मन त्याच्या मागून येते. आपल्याकडील आजीबाईंनी हेच सांगितले असते. पण आजीबाईंनी तुलनेचा गट ठेवला नसता. तीन महिन्यांनी या गटात शेकडा ६४ रुग्ण विकारमुक्त झाले, दुसऱ्यात शेकडा ३९. खिन्नतेच्या मापनातील सरासरी फरक साडेसात गुणांचा, आणि मर्यादा ४.८६ व १०.२७, शून्यापासून बऱ्याच दूर. शेकडा पंचवीसचा फरक म्हणजे चार रुग्णांस हा उपाय दिला तर एक जण असा बरा होतो जो एरवी झाला नसता. उरलेल्या तिघांपैकी काही एरवीही झालेच असते, काही दोन्ही परी नाहीत. वर्षानंतर पाहता हा लाभ कमी झालेला पण टिकून असलेला आढळला.

चांगला हेतू आणि चांगला परिणाम यांत किती अंतर पडू शकते, याचे उदाहरण मात्र खेदाचे आहे, आणि त्याची आठवण याच डोंगररांगांत येते. मढपासून दक्षिणेला, आंबेगाव तालुक्यात, ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. अशा प्रसंगी मागे राहिलेल्यांस एकदा बसवून, घडले ते सारे सविस्तर बोलावयास लावले की मन मोकळे होते आणि पुढचा विकार टळतो, अशी समजूत पुष्कळांची असते. १९८३ च्या सुमारास अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी आग विझविणारे व रुग्णवाहिकेवर काम करणारे यांच्यासाठी या समजुतीला पद्धतीचे रूप दिले आणि ती जगभर पसरली. घेणारे समाधान व्यक्त करीत, देणाऱ्यांसही बरे वाटे. पुढे वेल्समध्ये भाजलेल्या रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग झाला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निकालात असे दिसले, की तेरा महिन्यांनी, बोलते केलेल्यांपैकी शेकडा २६ जणांत आघातोत्तर विकार होता आणि ज्यांना तसे बोलते केले नव्हते त्यांच्यापैकी शेकडा ९ जणांत. उपायानेच अपाय केला, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. पण त्या प्रयोगात यदृच्छेने अधिक भाजलेले रुग्ण पहिल्याच गटात गेले होते. चिठ्ठी नि:पक्षपाती असली तरी लहान संख्येत ती एका बाजूला झुकू शकते. म्हणून एका प्रयोगावर थांबता येत नाही. पुढे असे अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले गेले, आणि एकाच बैठकीतील या उपायाचा लाभ दिसत नाही, असाच निष्कर्ष निघाला. जागतिक आरोग्य संघटनेनेही आघातानंतर लगेच अशी बैठक घेऊ नये, असा सल्ला दिला आहे. समाधान व्यक्त करणारे आणि समाधान देणारे, दोघेही प्रामाणिक होते. तरी त्यांच्या समाधानाने काही सिद्ध झाले नव्हते.

महाराष्ट्रातही मोठे काम झाले आहे, आणि त्याचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. विदर्भात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबविण्यात आला. गावातीलच माणसांनी घरोघरी जाऊन खिन्नतेविषयी बोलावे, आणि गरज असेल त्यास उपचारापर्यंत न्यावे, अशी त्याची मांडणी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, खिन्नता असलेल्यांपैकी उपचारासाठी कोणाकडे तरी गेलेल्यांचे प्रमाण आधी शेकडा ४.३ होते, ते दीड वर्षात २७.२ झाले. मर्यादा पाहिल्या तर आधीची ७.१ च्या वर जात नाही आणि नंतरची २१.४ च्या खाली येत नाही. एवढी झेप यदृच्छेने येणे संभवत नाही. खिन्नतेचे प्रमाणही १४.६ वरून ११.३ वर उतरले. पण येथे सावध राहावयास हवे. तुलनेची गावे नव्हती. त्या दीड वर्षात पाऊस कसा झाला, कापसाला भाव काय मिळाला, यांचाही वाटा त्या उतारात असू शकतो. पहिल्या आकड्याचे श्रेय कार्यक्रमास निःशंक द्यावे. दुसऱ्याचे द्यावयास पुरावा अपुरा आहे.

पातेल्याचा प्रश्न याहून मोठ्या प्रमाणावरही उपस्थित होतो. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात प्रौढांपैकी शेकडा १०.६ जणांस त्या वेळी काही ना काही मनोविकार असल्याचे आढळले, आणि बहुसंख्यांस उपचार मिळत नव्हते. हा आकडा महाराष्ट्राविषयी बोलतानाही सर्रास वापरला जातो. वस्तुतः ते सर्वेक्षण बारा राज्यांत झाले होते आणि महाराष्ट्र त्यांत नव्हता. गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ही शेजारची राज्ये होती. पण शेजारच्या चुलीवरचे पातेले ते शेजारचेच.

तर मग गोव्याच्या पातेल्यातील शीत मढविषयी काय सांगते? काही तरी खचित सांगते. गोव्यातील सरकारी केंद्रात येणारा गरीब रुग्ण आणि मढच्या केंद्रात येणारा रुग्ण यांत साम्य पुष्कळ. अंगदुखी आणि निद्रानाश हीच दोघांची तक्रार, तज्ज्ञ दोघांपासूनही दूर, आणि डॉक्टरांपाशी वेळ थोडा. भेदही आहेत. गोव्याच्या वाहत्या रस्त्यांवरून दवाखान्यात येणे आणि पावसाळ्यात एखाद्या वाडीवरून मढपर्यंत चालत येणे सारखे नाही. गोव्यात प्रश्न कोकणीत विचारले गेले. येथे महादेव कोळी वस्तीतील बाईस 'अलीकडे उत्साह वाटत नाही काय' असे पुस्तकी मराठीत विचारले तर ती आदराने 'नाही' म्हणेल आणि होकाराची खूण कागदावर पडणारच नाही. तिला जीव घाबरतो का, कामात मन लागते का, असेच विचारावे लागेल, आणि त्या विचारण्याने खरोखर खिन्नताच मोजली जाते की आणखी काही, हेही आधी तपासून घ्यावे लागेल. नाशिक जिल्ह्यातील पेठ या आदिवासी तालुक्यात पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजच्या मानसिक आरोग्यविषयक केंद्राने 'आत्मीयता' हा उपक्रम २०१३ पासून केला. असे काम भूगोलाने व जीवनाने मढच्या अधिक जवळचे.

पुराव्यावर आधारलेल्या चिकित्सेचा पुरस्कार करणारे डॉ. डेव्हिड सॅकेट यांनी १९९६ मध्येच बजावले होते, की पुरावा, वैद्याचे अनुभवजन्य कौशल्य आणि रुग्णाची इच्छा या तिन्हींवाचून ही चिकित्सा होत नाही. प्रयोग समूहाविषयी बोलतो. चारांत एक अधिक बरा होतो एवढे तो सांगेल. समोर बसलेली बाई ती एक आहे की उरलेल्या तिघांपैकी, हे सांगावयास त्याच्याजवळ साधन नाही. ती बाई समुपदेशकाशी बोलावयास तयार असेल का, घरात नवऱ्यासमोर बोलावे लागेल की केंद्रात एकांत मिळेल, हे मढच्या डॉक्टरांसच ठाऊक असते.

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांतील आरोग्यकेंद्रांच्या चिठ्ठ्या टाकून, निम्म्यांत समुपदेशक नेमून, उरलेल्यांत वर्षभराने नेमण्याचे ठरवून असा प्रयोग येथे करावयाचा म्हटले, तर तो अशक्य नाही. समुपदेशक सर्वच केंद्रांस एकदम मिळणार नसतील तर कोणास आधी द्यावयाचा हे वशिल्याने ठरण्यापेक्षा चिठ्ठीने ठरणे न्यायाचेही आहे. अडचण निराळ्याच ठिकाणी येईल. गोव्यात सहा महिन्यांनी एका गटातील शेकडा ८५ आणि दुसऱ्यातील शेकडा ८८ रुग्ण पुन्हा भेटले. मढकडे आवणीच्या दिवसांत, जुलैमध्ये, नाव नोंदविलेल्या बाईला भेटावयास सहा महिन्यांनी म्हणजे जानेवारीत जावे लागेल. तोवर भाताची काढणी-झोडणी संपलेली असते आणि या डोंगराळ पट्ट्यातील अनेक कुटुंबे मजुरीसाठी पूर्वेच्या बागायती भागात, ओतूर-नारायणगावकडे गेलेली असतात. जी बाई बरी झाली ती कामाला जाईल आणि तिच्या दाराला कुलूप असेल; जी बरी झाली नाही ती अंथरुणाला धरून घरीच सापडेल. भेटलेल्यांचीच मोजदाद केली तर उपाय जितका गुणकारी, तितका तो निष्फळ दिसेल. उलटपक्षी, हवालदिल झालेली कुटुंबेच आधी बाहेर पडत असतील तर निकाल नेमका विरुद्ध बाजूस झुकेल. त्या कुलुपांमागील माणसांस नारायणगावच्या मजूरतळावर शोधावयास कोणास पाठवावयाचे, आणि तरीही जी सापडणार नाहीत त्यांची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची, हे जुलैमध्ये पहिली चिठ्ठी उचलण्यापूर्वी लिहून ठेवावे लागेल.